आधी बेस ऐका, गायक नंतर

प्रश्न : बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलानं ‘अ‍ॅटम्स फॉर पीस’ या बँडचा ‘अमोक’ हा अल्बम ऐकायला सुचवला. गायक थॉम यॉर्क. त्याच्या रेडिओहेड या बँडमधली गाणी मला आवडतात. पण इथे चाल हाती लागत नाही, सारखा ठेकाच चालू. शब्दही धड कळत नाहीत. हे माणसं वाजवतात की कॉम्प्युटर? आणि यात ऐकायचं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं असेल, तर अर्धा अल्बम तुमच्यापर्यंत पोचलेलाच नाही. बेस गिटार म्हणजे खर्जातले सूर वाजवणारी गिटार. तिच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फारच खाली असतो, त्या इवल्याशा स्पीकरला तो झेपत नाही. आधी चांगला हेडफोन लावा.

आता माणसं की कॉम्प्युटर? दोन्ही, आणि तीच या अल्बमची खरी गंमत आहे. यॉर्कनं २००६ मध्ये ‘द इरेझर’ हा एकट्याच्या नावावरचा अल्बम काढला. निर्माता नायजेल गॉड्रिचला सोबत घेऊन, बराचसा कॉम्प्युटरवर तुकडे जोडून केलेला. २००९ मध्ये ती गाणी लोकांसमोर वाजवायचं ठरलं, तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये मंडळी जमवली : बेसवर रेड हॉट चिली पेपर्स या बँडचा फ्ली, ड्रम्सवर जोई वॉरॉन्कर, तालवाद्यांवर ब्राझीलचा माउरो रेफॉस्को, शिवाय स्वतः गॉड्रिच. यंत्राला दोन हातांची मर्यादा नसते, ते कुठलाही फटका कुठेही ठेवतं. तो ठेका या लोकांनी हाताने वाजवून बसवला. दौरा झाल्यावर तीन दिवस स्टुडिओत बसून मनसोक्त वाजवलं, आणि त्यातले तुकडे यॉर्क-गॉड्रिच जोडगोळीनं पुढे दोनेक वर्षं कापले, फिरवले, पुन्हा कॉम्प्युटरच्या आवाजांत विणले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘अमोक’ आला. त्यातल्या ‘डिफॉल्ट’ या गाण्यातला तो अडखळत पुढे सरकणारा ठेका ऐका. कुठला फटका हाताचा आणि कुठला यंत्राचा, हे कळू नये अशीच त्याची बांधणी आहे.

मी वाद्यवृंदात बरीच वर्षं बेस वाजवला. मागे उभं राहायचं, समोरच्या रसिकाला आपण काय वाजवतोय ते कळत नाही, पण थांबलो की गाणं खाली बसतं. म्हणून माझा आग्रह आहे : ‘स्टक टुगेदर पीसेस’ लावा आणि पहिल्या वेळी गायकाकडे चक्क दुर्लक्ष करा. फ्लीच्या बोटांमागे जा. तुम्ही शोधताय ती चाल तिथे आहे. मग ‘ड्रॉप्ड’ घ्या. सुरुवात सिंथेसायझरची, आणि बेस आत शिरला की गाण्याचा रंगच पालटतो.

यॉर्कचा आवाज मुद्दाम मागे ठेवलाय. लांबवलेले स्वर ठेक्यावरून नुसते वाहत जातात. मला तो निर्णय अगदी योग्य वाटतो. तो आवाज पुढे आणला असता, तर आपण सवयीनं त्यालाच धरून बसलो असतो. ही मंडळी फ्लीच्या घरी जमून फेला कुटी ऐकायची. नायजेरियातल्या लागोसच्या या कलावंताचं ‘झॉम्बी’ ऐकलंत तर बरंच उलगडेल. गायक बऱ्याच वेळानं येतो, तोवर टोनी अ‍ॅलनचे ड्रम्स, गिटार आणि सॅक्सोफोन यांनी मैफल रंगवलेली असते. आणि लावणीत ढोलकी सुरू झाली की शब्द यायच्या आधीच आपली मान हलते ना? तेवढी मोकळीक इथेही द्या.

प्रश्न : थोडाफार तबला शिकलोय. या गाण्यांत सम कुठे धरायची?
– तेच वाचक

उत्तर : ड्रम्समध्ये शोधू नका, ते सारखे हुलकावणी देतात. बेसचा तुकडा जिथून पुन्हा सुरू होतो, तिथे टाळी द्या. सराव हवा असेल तर रेडिओहेडचं ‘१५ स्टेप’ (२००७) घ्या. ते पाच मात्रांत आहे, म्हणजे त्याची दोन आवर्तनं झाली की तुमचा दहा मात्रांचा झपताल पुरा होतो. बोटांवर पाच मोजत ते एकदा शेवटपर्यंत ऐका आणि मग ‘अमोक’ पहिल्या गाण्यापासून लावा.