बंब आगीपासून इतका मागे का थांबला?

प्रश्न : आमच्या घराजवळच्या गोदामाला आग लागली होती. एक बंब आगीपाशी होता, दुसरा मात्र जवळपास दोनशे मीटर मागे, हायड्रंटलाच (आग विझवायला जलवाहिनीवर बसवलेल्या नळालाच) जोडून उभा. लोक ‘पुढे आणा’ म्हणून ओरडत होते. हायड्रंटला पाणी होतं, मग तिथे बंब कशाला? – एक वाचक

उत्तर : मी अग्निशमन दलात बरीच वर्षं पंप चालवला. असा आरडाओरडा खूपदा ऐकलाय, आणि लोकांची तगमगही कळते. पण तो बंब अगदी योग्य जागी होता.

बंबावरचा पंप पाणी तयार करत नाही, आलेल्या पाण्याला जोर देतो. समजा हायड्रंटला 4 बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) दाब मिळतोय. दोनशे मीटर होजमधून, म्हणजे बंबाच्या लवचिक नळीतून, जाताना तो घर्षणातच संपत जातो. त्यात प्रवाह दुप्पट करू म्हटलं, तर घर्षण चौपट! अशा वेळी आगीपाशी उभ्या पंपानं कितीही ओढलं, तरी पोचलेल्या पाण्यापेक्षा जास्त त्याला मिळणार कुठून? म्हणून दुसरा पंप हायड्रंटलाच लावायचा आणि 4 बारनं आलेलं पाणी 8 बारनं पुढे ढकलायचं.

इथे नवी मुलं एक हिशेब चुकतात. दाब दुप्पट केला म्हणून पाणी दुप्पट होत नाही, साधारण 1.4 पटच होतं. शेजारून तेवढ्याच जाडीची दुसरी होज टाकली, तर त्याच दाबात पाणी जवळजवळ दुप्पट जातं, अर्थात जलवाहिनीत तेवढं असेल तर. मी आधी दुसरी होज मागायचो.

नोकरीच्या सुरुवातीला ज्वाळा बघून मी इंजिनाचा वेग वाढवतच गेलो. पंपात येणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहिलंच नाही. येणारी होज चपटी झाली आणि जिन्यावर आत असलेल्या दोन सहकाऱ्यांच्या नोझलची धार एकदम ढिली पडली. दोघंही सुखरूप बाहेर आले. त्या दिवसापासून माझा एक डोळा कायम त्या गेजवर असायचा. जागेवर चालू असलेली धार तोडणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा. म्हणूनच काही दलांकडे हायड्रंटवर बसवायचा चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो: पाणी चालू ठेवून मागाहून पंप मध्ये जोडता येतो.

जलवाहिनी किती देईल, तेही गेजच सांगतो. पाणी सोडण्याआधीचा दाब आणि सोडल्यावरचा दाब यांत थोडाच फरक असेल, तर अजून घेता येतं. दाब धाडकन उतरला, तर हात आवरायचा. 1.4 बारच्या खाली वाहिनी जाऊ देऊ नये, असा दंडक बरीच दलं पाळतात, कारण वाहिनीतला दाब फार पडला की गळतीच्या जागांतून बाहेरचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ शकतं. अशा वेळी त्याच वाहिनीवरचा पुढचा हायड्रंट उघडून फारसं हाती लागत नाही. वेगळ्या, जाड वाहिनीवरचा शोधावा लागतो. पाणीपुरवठ्याच्या माणसाला बोलावून त्या भागाचा दाब वाढवता येतो का, हे तर पहिल्या काही मिनिटांतच विचारायचं.

तुम्ही पाहिलेल्या मागच्या बंबावरचा माणूस आगीकडे पाठ करून गेजकडे बघत असेल, तर तो त्याचं काम करत होता.