वाचकांचे प्रश्न : साथीच्या काळातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

प्रश्न : कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बऱ्या झालेल्या रुग्णाची चिठ्ठी फिरली आणि अनेक घरांनी तीच औषधं आणली. पुन्हा साथ आली तर ग्रुप बंदच ठेवावा का?

उत्तर : बंद करू नका. शिस्त लावा. शेजारी बरा झाला की त्याच्या गोळ्यांवर विश्वास बसतो, पण चिठ्ठीच्या फोटोत आजाराचा दिवस, ऑक्सिजन, साखर यातलं काही दिसत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचंच उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, असा डोस होता. फायदा झाला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांना, बाकीच्यांना नाही. पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू वाढत असतो. तेव्हाच स्टेरॉइड घेतलं तर प्रतिकारशक्ती दबते आणि साखर चढते. २०२१ मधल्या म्युकरमायकोसिसमागे (काळ्या बुरशीच्या आजारामागे) बेताल मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणं होती. म्हणून चिठ्ठीचा फोटो दिसला की अ‍ॅडमिननं तो लगेच काढावा.

याच ग्रुपांवरून सहा मिनिटं चालण्याची चाचणीही घरोघरी पोचली, आणि ती खरोखर उपयोगी होती. बसून ऑक्सिमीटरचा आकडा घ्यायचा, घरातच सपाट जमिनीवर ६ मिनिटं चालायचं (साठीच्या पुढे ३), पुन्हा आकडा घ्यायचा. तो ९३ च्या खाली गेला, आधीपेक्षा ३ हून जास्त उतरला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना गाठायचं. दम्याच्या रुग्णांनी ही चाचणी करू नये. नेलपॉलिश किंवा गार बोटांमुळे आकडा चुकतो. काय करायचं, कुठे थांबायचं आणि पुढे कुणाला गाठायचं, हे तिन्ही सांगणारा मेसेजच कामाचा.

सूचनांचा ग्रुप वेगळा काढा. त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितील असं सेटिंग ठेवा. बेडची माहिती टाकताना फोन कुणी केला आणि किती वाजता, हे लिहाच. नुसत्या ‘व्हेरिफाइड’ला अर्थ नाही. बेड तासाभरात भरतो, पण मेसेज दोन दिवस फिरतो आणि रुग्णालयाचा फोन लागेनासा होतो. दोन तासांनी पुन्हा विचारा, नाहीतर मेसेज काढून टाका. फॉरवर्ड मेसेजवरची दोन बाणांची खूण म्हणजे मजकूर अनेक हातांतून आलेला. कॉपी-पेस्ट केला की ती खूण जाते, त्यामुळे बाण नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रश्न : ग्रुपवरचे एक काका ‘कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो’ असं सारखं टाकायचे. वयानं मोठे, त्यांना कसं सांगायचं?

उत्तर : चारचौघांत खोडलं की माणूस हट्टाला पेटतो. ‘काका, एक बोलायचं होतं’ म्हणून फोन करा. कापरानं नाकाला गार वाटतं, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. ऑक्सिमीटरवरचा आकडा हलत नाही. त्या भरवशावर रुग्णालय गाठायला उशीर होतो, हे खरं नुकसान. घरात लहान मूल असेल तर हेही सांगा की कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ग्रुपवर खुलासा टाकताना मूळ मेसेज पुन्हा चिकटवू नका, घाईत तेवढाच वाचला जातो. योग्य माहिती पहिल्या ओळीत लिहा, आणि जमलं तर ती काकांनाच टाकायला सांगा.