वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या फळीच्या फुटबॉल संघातील नवे खेळाडू

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू हाताने व पायाने खेळण्याचा तेथील खेळ, याविषयी बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चारही पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : मुख्य लीगच्या खालच्या पायरीवर खेळणारा संघ दरवर्षी नवे खेळाडू कोठून आणतो, आणि ते पुढे काय करतात.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई मेलबर्नजवळच्या वेरिबी येथे राहतात. गेल्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे होतो, तेव्हा तेथील संघाने पुढील हंगामासाठी घेतलेल्या खेळाडूंची नावे एकेक करून जाहीर होत होती आणि शेजारीपाजारी त्यांची उत्साहाने चर्चा करीत होते. हा संघ देशाच्या मुख्य लीगमध्ये नाही. नव्यांपैकी कोणी चोवीस वर्षांचा, कोणी सत्तावीस. एकाला वरच्या क्लबने सोडलेले, दुसरा खेड्यातून आलेला. हे खेळाडू खरोखर चांगले असतील, तर वरच्या लीगने त्यांना का घेतले नाही? आणि चांगले नसतील, तर त्यांच्या येण्याचा एवढा आनंद कशासाठी?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर या खेळातील निवडीच्या वयात आहे, परंतु त्याआधी लीगची रचना समजून घेणे आवश्यक आहे. मेलबर्नमध्ये हा खेळ १८५८ पासून खेळला जात आहे आणि त्याचे पहिले लेखी नियम १८५९ चे आहेत. १८७७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १८९६ मध्ये तिच्यातील बलवान क्लब वेगळे झाले आणि त्यांनी पुढच्या वर्षापासून व्हीएफएल (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) या नावाने स्वतःची लीग चालविली. तीच १९९० पासून एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) म्हणजे आजची अठरा क्लबांची मुख्य लीग होय. मोकळे झालेले व्हीएफएल हे नाव पुढे जुन्या असोसिएशनने घेतले, आणि वेरिबी याच स्पर्धेत खेळतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातील एसएएनएफएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातील डब्ल्यूएएफएल या स्पर्धाही आज दुसऱ्या फळीत मोडतात. पण पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वेस्ट कोस्ट ईगल्स हा क्लब १९८७ मध्ये आणि अ‍ॅडलेड क्रोज हा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा क्लब १९९१ मध्ये मुख्य लीगमध्ये येईपर्यंत त्या आपापल्या राज्यांच्या सर्वोच्च स्पर्धा होत्या. म्हणून दुसऱ्या फळीतील कित्येक क्लब वरच्या फळीतील काही क्लबांहून जुने आहेत, आणि त्यांचे पाठीराखे आपल्या संघाला कोणाची तरी राखीव तुकडी मानण्यास मुळीच तयार नसतात.

आता निवडीकडे वळू. मुख्य लीगमध्ये १९८६ पासून ड्राफ्टची पद्धत आहे. दर नोव्हेंबरात क्लब ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडूंची निवड करतात, आणि निवडल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य मुले अठरा वर्षांच्या आसपासची असतात. देशभरातून दरवर्षी काही डझन मुलांनाच जागा मिळते. अठराव्या वर्षी ज्याचे शरीर भरलेले नसते, ज्याला त्या हंगामात दुखापत झालेली असते किंवा जो दूरच्या गावात वाढल्यामुळे निवडकर्त्यांच्या नजरेस पडलेला नसतो, तो मागे राहतो. आणि मागे राहिलेला मुलगा बावीस-तेविसाव्या वर्षी अगदी वेगळा खेळाडू झालेला असू शकतो. या मुलांना नियमित, कठीण आणि लोकांच्या नजरेसमोरचा खेळ जेथे मिळतो, ती जागा म्हणजे दुसरी फळी. माझ्या मते तिचे सर्वांत मोठे महत्त्व हेच आहे.

आपल्या मुलीच्या गावातीलच उदाहरण घ्या. शॉन मॅना हा न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्या सीमेवरील ग्रामीण भागातून वेरिबीत आलेला आक्रमक खेळाडू. २०२३ च्या व्हीएफएल अंतिम सामन्यात वेरिबी गोल्ड कोस्टकडून हरले, तरी मॅनाने त्या सामन्यात सहा गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे नॉर्म गॉस पदक त्यालाच मिळाले. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये जिलाँग या मुख्य लीगमधील क्लबने त्याला घेतले, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. असा खेळाडू गेल्यानंतर संघ खचेल अशी भीती कोणालाही वाटली असती. पण २०२४ मध्ये वेरिबीने साउथपोर्टला हरवून विजेतेपद मिळविले, आणि ते त्यांचे १९९३ नंतरचे पहिले विजेतेपद होते. जावयांच्या शेजाऱ्यांचा डिसेंबरातील उत्साह या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे समजतो. नव्या नावांत पुढचा मॅना असू शकतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

मार्लियन पिकेटची हकीकत तर याहून विलक्षण आहे. तो डब्ल्यूएएफएलमधील साउथ फ्रीमँटलचा खेळाडू. हंगामाच्या मध्यावर घेतला जाणारा ड्राफ्ट २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्यात मुख्य लीगमधील रिचमंड क्लबने त्याला निवडले, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्या वर्षी सप्टेंबरात व्हीएफएलमध्ये खेळणाऱ्या रिचमंडच्या दुसऱ्या संघाने तेथील अंतिम सामना जिंकला व नॉर्म गॉस पदक पिकेटला मिळाले. आणि सहाच दिवसांनी, मुख्य लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने रिचमंडकडून पदार्पण केले. १९५२ नंतर अंतिम सामन्यात पदार्पण करणारा तो पहिलाच. रिचमंड तो सामना ८९ गुणांनी जिंकले.

बाहेरून आणलेल्या खेळाडूबद्दलचा आनंद बडोदेकरांना परका वाटू नये. विजय हजारे सांगलीचे, गुल मोहम्मद लाहोरचे; आणि १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात येथेच होळकर संघाविरुद्ध या दोघांनी बडोद्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, जी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये २००६ पर्यंत सर्वांत मोठी राहिली. समोरच्या होळकर संघानेही सी. के. नायडू यांना इंदूरला आणूनच आपली ताकद उभी केली होती, आणि महूच्या छावणीत नेमणूक असलेल्या डेनिस कॉम्प्टनला १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात खेळविले होते. मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी सामना मुंबईने जिंकला. संघ एका शहराचा असला, तरी त्यातील माणसे अनेक गावांहून आलेली असतात, आणि जे शहर त्यांना मैदान देते त्याचे ते होऊन जातात.

वरच्या क्लबने सोडून दिलेल्या खेळाडूविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुख्य लीगमधील प्रत्येक क्लबच्या यादीतील जागा मर्यादित असतात, आणि दर नोव्हेंबरात नवी मुले घ्यायची तर जुन्यांना मोकळे करावेच लागते. दोन-तीन वर्षे व्यावसायिक प्रशिक्षण मिळालेला, शरीराने तयार झालेला तेवीस वर्षांचा खेळाडू असा मोकळा झाला, की दुसऱ्या फळीच्या क्लबला तो लाभदायकच ठरतो.

प्रश्न : मी निवृत्त व्यायामशिक्षक आहे. नातवामुळे या खेळात रस निर्माण झाला. नव्या खेळाडूंची यादी हातात आली, तर ती भरती चांगली आहे की नुसती लांबलचक आहे, हे कशावरून ओळखावे?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आपला प्रश्न मला विशेष आवडला, कारण पाठीराखे बहुधा नावे मोजतात आणि जागा मोजावयाचे विसरतात. यादी वाचण्यापूर्वी मागील हंगामानंतर कोण गेले ते पाहावे. या खेळात मैदानावर एका वेळी अठरा खेळाडू असतात, मैदान १३५ ते १८५ मीटर लांब असते, आणि प्रत्येक स्थानाची शारीरिक गरज इतकी निराळी असते की एका ठिकाणची उणीव दुसऱ्या ठिकाणच्या गुणवत्तेने भरून निघत नाही.

सर्वांत आधी रकमन पाहावा. पंच चेंडू वर टाकतात तेव्हा उडी घेऊन तो आपल्या साथीदाराकडे ढकलणारा हा खेळाडू साधारण दोन मीटर उंचीचा असतो. एवढ्या उंच मुलांचे शरीर उशिरा भरते. त्यामुळे अठराव्या वर्षी त्यांच्याविषयी अंदाज बांधणे कठीण जाते, आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा चांगला रकमन हा दुसऱ्या फळीतील सर्वांत मागणी असलेला खेळाडू असतो. एखाद्या क्लबचा रकमन गेला आणि नव्या यादीत सहा चपळ मिडफिल्डर असूनही रकमन एकही नसेल, तर मी त्या भरतीला अपुरी म्हणेन. मिडफिल्डर हे सामन्यात बारा-तेरा किलोमीटर धावणारे खेळाडू. ते तुलनेने सहज सापडतात, परंतु दाटीत चेंडू पकडून मुठीने अचूक साथीदाराकडे देणारा त्यांच्यातही दुर्मीळच. गोल करणारा उंच फॉरवर्ड मिळणे तर आणखी अवघड, कारण तसा खेळाडू वरच्या लीगलाही हवाच असतो.

दुसरी बाब खेळाडू कोठून येतो ही. अठरा वर्षांखालील मुलांच्या टॅलेंट लीगमधून थेट आलेल्या मुलाकडून पहिल्याच वर्षी फार अपेक्षा ठेवू नये. त्याला तगड्या माणसांशी टक्कर घेण्याची सवय व्हायला वेळ लागतो. ग्रामीण लीगमध्ये तीस-चाळीस गोल केलेल्या खेळाडूचा आकडा आकर्षक दिसतो, पण तेथील बचाव व्हीएफएलइतका कडक नसतो, म्हणून त्याने ते गोल कोणत्या संघांविरुद्ध आणि बाद फेरीत किती केले हे विचारावे. एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलमधून आलेला खेळाडू मात्र जवळपास समान पातळीवरून आलेला असतो, आणि त्याच्या मागील कामगिरीवर अधिक विश्वास ठेवता येतो.

क्लबचा प्रकारही पाहावा लागतो. व्हीएफएलमधील काही संघ मुख्य लीगच्या क्लबांचेच दुसरे संघ आहेत किंवा त्यांच्याशी जोडलेले आहेत. तेथे वरच्या यादीतील जे खेळाडू त्या आठवड्यात मुख्य संघात नसतात ते खाली येऊन खेळतात आणि उरलेल्या जागा व्हीएफएलच्या खेळाडूंना मिळतात. वेरिबी २०१७ पर्यंत नॉर्थ मेलबर्नशी असे जोडलेले होते, आता स्वतंत्र आहे. स्वतंत्र क्लबला वरून कोणी मिळत नाही, त्यामुळे भरतीत चूक झाली तर ती हंगामभर सोसावी लागते. परंतु पंचविशीतील खेळाडूला तेथे आपली जागा आठवड्यागणिक बदलणार नाही याची खात्री असते, आणि चांगले खेळाडू अशा क्लबकडे ओढले जाण्याचे ते मोठे कारण आहे. शिवाय हंगामाच्या मध्यावर ड्राफ्ट होतो, आणि तेव्हा वरचा क्लब दुसऱ्या फळीतील सर्वोत्तम खेळाडू उचलून नेऊ शकतो. म्हणून शहाणा क्लब ज्या स्थानावर त्याचा सर्वांत चांगला खेळाडू आहे, त्याच स्थानासाठी आणखी एक तयार ठेवतो. यादीत अशी दुबार तरतूद दिसली, तर निवड करणाऱ्यांनी विचार केला आहे असे समजावे.

प्रश्न : या खेळाडूंचा चरितार्थ खेळावर चालतो काय?
— एक वाचक, बाबाजीपुरा, बडोदे

उत्तर : बहुतेकांचा चालत नाही. त्यांना खेळण्याचे मानधन मिळते, पण संघाच्या एकूण खर्चावर लीगने मर्यादा घातलेली असते. शिक्षक, सुतार, इलेक्ट्रिशियन, विद्यार्थी अशी ही माणसे दिवसा आपापले काम करून संध्याकाळी सरावाला येतात. नवा खेळाडू दुसऱ्या राज्यातून येणार असेल, तर त्याच्यासाठी नोकरी आणि राहण्याची जागा शोधून देणे हा भरतीचाच भाग असतो, आणि लहान क्लब त्यात पुष्कळदा मोठ्यांपेक्षा अधिक आपुलकी दाखवितात.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा भाचा दोन वर्षांपूर्वी बडोद्याहून मेलबर्नला गेला. तो क्रिकेट चांगले खेळतो आणि आता फुटबॉलही खेळू लागला आहे. लहानपणापासून हा खेळ न खेळलेल्या मुलाला दुसऱ्या फळीपर्यंत तरी पोहोचता येईल काय? त्याच्या आईला ही निव्वळ वेळेची नासाडी वाटते.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : पोहोचता येते, आणि याचा सर्वांत उत्तम दाखला डब्लिनचा जिम स्टाइन्स आहे. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल खेळणाऱ्या या मुलाने वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून अर्ज केला आणि १९८४ मध्ये मेलबर्न क्लबने त्याला बोलाविले, तेव्हा त्याने ऑस्ट्रेलियाचा लंबगोल चेंडू कधी सामन्यात हाताळलेला नव्हता. आधी एकोणीस वर्षांखालील संघ, त्यानंतर १९८६ मध्ये जुन्या असोसिएशनमधील म्हणजे त्या वेळच्या दुसऱ्या फळीतील प्रॅहरन हा क्लब, आणि १९८७ मध्ये मुख्य संघ असा त्याचा प्रवास झाला. त्याच वर्षी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरील सामन्यात शेवटच्या क्षणी नियमाविरुद्ध धावल्यामुळे त्याच्या संघाला १५ मीटरचा दंड झाला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तेवढ्या पुढून किक मारता आली, आणि हॉथॉर्नने गोल करून सामना जिंकला. एखादा खेळाडू तेथेच संपला असता. स्टाइन्सने १९९१ मध्ये लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळविले आणि सलग २४४ सामने खेळण्याचा विक्रम केला. प्रॅहरनमधील ते एक वर्ष त्याला मिळाले नसते, तर मुख्य संघाने त्याच्यासाठी किती काळ वाट पाहिली असती, याची मला शंकाच आहे. अलीकडच्या काळात अमेरिकेत बास्केटबॉल खेळलेला मेसन कॉक्स मुख्य लीगमधील कॉलिंगवुड क्लबचा रकमन झाला आणि २०२३ च्या विजेत्या संघात होता.

भाच्याला क्रिकेटचा उपयोग नक्की होईल. उंच चेंडूखाली जाऊन तो दोन्ही हातांनी धरणे हे या खेळाचे एक प्रमुख कौशल्य आहे. किमान १५ मीटर गेलेली किक हवेतच झेलली की त्या खेळाडूला अडथळ्याविना किक मारण्याचा हक्क मिळतो. उंच झेल घेण्याची सवय असलेल्या मुलाचा अर्धा अभ्यास येथे आधीच झालेला असतो. धावता धावता चेंडू पायावर सोडून किक मारणे मात्र त्याला मुळापासून शिकावे लागेल, आणि त्याला वेळ लागेल.

आपल्या बहिणीला सांगावे, की पुढच्या दोन वर्षांत मुलाने ड्राफ्टचा विचार मनात आणू नये आणि अभ्यासही सोडू नये. त्याने आपल्या उपनगरातील स्थानिक क्लबच्या वयोगट संघात नाव नोंदवावे. हंगाम हिवाळ्यात असल्यामुळे उन्हाळ्यातील क्रिकेटशी तो फारसा आडवा येत नाही, आणि पूर्वतयारी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. अठराव्या वर्षी त्याची निवड झाली नाही, तरी त्याच क्लबच्या प्रौढ संघात दोन-तीन हंगाम खेळून मग व्हीएफएलच्या क्लबकडे पूर्वतयारीच्या सरावासाठी विचारणा करता येते. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर असेल, आणि वर सांगितलेल्यांपैकी मॅना व पिकेट यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल.