सिनेमात काम करणाऱ्या अभिनेत्रीला समाजसेवा खरंच जमते का, की ती फक्त फोटोपुरती?

जमते. आमच्या खान्देशचंच उदाहरण देतो. स्मिता पाटील. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. स्मिता जन्मली आणि शिकली पुण्यात, पण घरातलं वळण सेवादलाचं, म्हणजे राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचाराच्या संघटनेचं. दलाच्या गाणी-नाटकं करणाऱ्या कलापथकातून ती आधीच लोकांत वावरलेली होती, कॅमेरा नंतर आला. मला हाच क्रम महत्त्वाचा वाटतो.

पुढे दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. तेवढ्या धावपळीतही मुंबईत स्त्रियांसाठी काम करणाऱ्या केंद्राशी ती जोडलेली राहिली. १९८२ च्या ‘उंबरठा’त तिने महिलाश्रमाची अधीक्षिका उभी केली. बाईच्या प्रश्नाची ही ओढ तिच्या भूमिकांच्या निवडीतही दिसते, म्हणून दोन्ही कामं एकमेकांच्या आड आली नसावीत. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा वय जेमतेम ३१. आजही चटका लागतो.

तुम्ही स्वतः नाटक-सिरीयल करत असाल आणि सुरुवात करायची असेल, तर एक सांगतो. अमळनेरला सेवादलाच्या आमच्या शाखेत एक ताई यायच्या, संध्याकाळी नाटकाची तालीम असायची त्यांची. रविवारी सकाळी आधी सतरंजी झटकायच्या, मग डफ घेऊन पोरांना गाणी शिकवायच्या. त्यांचा तो वार ठरलेला होता. तालमीची वेळ त्याप्रमाणे बदलायची, वार नाही. तसा आठवड्यातला एक वार आधी पक्का करा आणि तारखा देताना निर्मात्याला तो पहिल्याच भेटीत सांगून टाका.