रात्रीचा लाडू

पाऊस लागला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "मूल अजून अंथरुणात शू करतं, काय देऊ?" गोधड्या वाळत नाहीत, घरभर वास राहतो, सगळ्यांची चिडचिड होते.

परळच्या चाळीतून आई, आजी आणि आठ वर्षांचा मुलगा आले होते. काळ्या तिळाचे गुळातले लाडू, ओवा, उगाळलेलं जायफळ, आजींनी सगळं करून पाहिलं होतं. "शेजारणीच्या नातवाचं लाडवानं महिन्यात थांबलं," त्या म्हणाल्या. मुलगा मान खाली घालून शर्टाचं बटण पिळत होता.

आयुर्वेदात याला शय्यामूत्र म्हणतात, त्रास जुनाच आहे. पण २०११ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा पर्यायी उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा पुरावा तोकडाच निघाला. शिवाय दरवर्षी सुमारे १५ टक्के मुलांचं आपोआप थांबतं आणि त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय जातं. तिळाच्या लाडवाने काही बिघडत नाही. जायफळ जास्त झालं तर बाधतं, ते मी बंद करायला लावलं.

तिसऱ्या भेटीत मी मुलाला सहज विचारलं, "लाडू आवडतो का रे?"

"दिवाळीचा आवडतो. रात्रीचा नाही. रात्री खाल्ला की सकाळी सगळे चादर बघतात."

आजींचा हात पदराकडे गेला. मला तर उत्तरच मिळालं होतं. रोज रात्री त्या लाडवाबरोबर पोर परीक्षेला बसत होतं. इतक्या वर्षांत मी हेच शिकले आहे, आधी घरातली नजर बदलावी लागते.

पुढच्या वेळी बाबांना बोलावलं. बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, "मी पाचवीपर्यंत भिजवायचो."

"बाबा, तू पण?" मुलगा पहिल्यांदाच मान वर करून बघत होता.

आई-वडिलांपैकी एकाला हा त्रास असेल तर दहातल्या साधारण चार मुलांना होतो. मूल मुद्दाम करत नाही, हे घराला पटलं की अर्धं काम होतं. बाकीचं साधं आहे: पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताचं, झोपताना शू, आणि पोट रोज साफ, कारण बद्धकोष्ठानेही हा त्रास वाढतो. तेवढ्याने भागलं नाही तर ओल लागताच वाजणारा अलार्म मिळतो, तो नेटाने वापरला तर सुमारे दोन तृतीयांश मुलांना गुण येतो. दिवसाही कपडे भिजत असतील, जळजळ होत असेल, तहान फार लागत असेल किंवा सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ.

गेल्या महिन्यात आजींचा फोन आला. आता आठवड्यातून एखाद्या वेळीच होतं. लाडू शाळेतून आल्यावर तो स्वतः मागून खातो.