घरच्या वर्कशॉपसाठी डस्ट कलेक्टर हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न : मी सांगलीत खासगी नोकरी करतो. घरालगतच्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी लाकडी खेळणी व छोटे फर्निचर बनवतो. त्यातून खर्च वजा जाता महिन्याला सरासरी ९,००० रुपये सुटतात. माझ्याकडे राउटर (लाकडात खाचा पाडणारे हत्यार), ऑर्बिटल सँडर (घासून गुळगुळीत करणारे) व सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत) आहे. पुढेमागे प्लेनर (रंधा मारणारे यंत्र) घेण्याचा विचार आहे. २ एचपीचा डस्ट कलेक्टर (भुसा व धूळ ओढून घेणारे यंत्र) ३८,००० रुपयांना क्रेडिट कार्डाच्या १२ हप्त्यांवर मिळत आहे. अडीअडचणीसाठी १,४०,००० रुपये राखले आहेत आणि घरखर्च महिना ४५,००० आहे. यंत्र घेतल्याने करही वाचेल असे एक मित्र म्हणतात, तर मेहुणे पीएम विश्वकर्मा योजनेतून कर्ज घ्यायला सुचवतात. काय करावे?

उत्तर : धुळीवर खर्च करावा, आणि तो याच महिन्यात सुरू करावा, मात्र हे यंत्र, या पद्धतीने, आत्ता घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च पुढे ढकलू नये असे म्हणण्याचे कारण आरोग्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. खरा अपाय झाडूने गोळा होणाऱ्या भुशापेक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या, सँडर बंद केल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहणाऱ्या बारीक कणांमुळे होतो. म्हणूनच आपण पाठवलेल्या दरपत्रकातील एका ओळीकडे मी आपले लक्ष वेधतो : या यंत्राची कापडी पिशवी ३० मायक्रॉनची आहे, म्हणजे ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीसपट किंवा त्याहून मोठे कणच अडवते, आणि १ मायक्रॉनचा फिल्टर वेगळा, ११,००० रुपयांना आहे. ३० मायक्रॉनच्या पिशवीतून नेमकी बारीक धूळ बाहेर पडून खोलीभर पसरते. त्यामुळे आपण ज्या कामासाठी पैसे मोजत आहात, ते काम ३८,००० रुपयांत होणारच नाही. खरी किंमत ४९,००० रुपये धरावी.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे हे यंत्र आपल्या आजच्या हत्यारांसाठी नाही. डस्ट कलेक्टर ४ इंची पाइपातून कमी दाबाने भरपूर हवा ओढतो आणि प्लेनर किंवा टेबल सॉसारख्या ढीगभर भुसा काढणाऱ्या यंत्रांना तो शोभतो; सँडर व राउटरच्या अरुंद तोंडाला तो जोडला की त्याची हवाच कोंडते. तेथे जास्त दाबाने ओढणारा व्हॅक्युम क्लीनर लागतो. न घेतलेल्या प्लेनरसाठी आजपासून हप्ते भरणे मला पटत नाही.

हप्त्यांचा हिशोबही पाहावा. वार्षिक १५ टक्के व्याज धरले तर महिन्याला सुमारे ३,४३० रुपये जातील. वर्षाचे व्याज ३,१५० रुपयांच्या आसपास आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रक्रिया शुल्क सोडूनही यंत्र सुमारे ४१,७०० रुपयांना पडेल. ‘बिनव्याजी’ हप्ता असला तरी व्याजावरचा जीएसटी सहसा ग्राहकाच्याच माथी असतो, आणि रोखीने घेताना मिळू शकणारी सूट हातची जाते.

करबचतीचे म्हणाल, तर आपण अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक टक्का हेच उत्पन्न मानून) विवरणपत्र भरत असल्यास यंत्राचा घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, वेगळा मिळत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवल्या तरी वर्षाला १५ टक्के, म्हणजे ५,७०० रुपये घसारा मिळेल; २० टक्क्यांच्या टप्प्यात त्यावर वाचणारा कर १,१४० रुपये. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्क्यांनी मिळते हे खरे. परंतु ती असंघटित क्षेत्रात स्वयंरोजगार करणाऱ्या पारंपरिक कारागिरांसाठी आहे. नोकरीवर घर चालवणाऱ्याने तेथे अर्ज करू नये.

आता पर्याय. बाजारात विचारपूस करून दर पक्के करावेत, पण अंदाज असा : ओल्या-सुक्या कचऱ्याचा ३० लिटरचा व्हॅक्युम बारीक फिल्टरसह ८,५००, ड्रमसह प्लास्टिकचा सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारे शंकूच्या आकाराचे भांडे) ३,०००, जोडण्या १,०००, फिल्टर बदलता येणारा मास्क १,५०० आणि एक्झॉस्ट फॅन २,०००, एकूण १६,००० रुपये. सायक्लोनमुळे बहुतेक भुसा ड्रममध्येच पडतो व व्हॅक्युमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. ड्रमऐवजी रंगाची पातळ बादली मात्र वापरू नये, ती ओढीने आत चेपते. थंड देशांत खोलीतली तापवलेली हवा बाहेर फेकणे महागात पडते. सांगलीत ती अडचण नाही, त्यामुळे २,००० रुपयांचा पंखा येथे सर्वांत किफायतशीर ठरतो, फक्त त्याचे तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नसावे.

ही रक्कम दोन महिन्यांच्या जोड-उत्पन्नातून उभी राहते. मास्क आजच घ्यावा, या महिन्यात पंखा, पुढच्या महिन्यात उरलेले. राखीव रकमेला हात लावू नये; ती जेमतेम तीन महिन्यांच्या खर्चाएवढी आहे आणि मी सहा महिन्यांचा आग्रह धरतो.

त्यानंतर हप्त्याचे तेच ३,४३० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत भरावेत. पंधराव्या महिन्यात मुद्दलच ५१,००० रुपयांवर जाईल. तोवर प्लेनर आला असेल आणि त्याच्या कामातून उत्पन्न वाढले असेल, तर १ मायक्रॉनच्या फिल्टरसह डस्ट कलेक्टर रोखीने घ्यावा. आला नसेल, तर ती ठेव राखीव निधीत जमा करावी.