घायपाताच्या वाखाला रेझिनने किती धरलंय हे कोणत्या टेस्टने कळेल?

तुम्ही एम.टेक.च्या प्रोजेक्टला घायपाताचा वाख (पानातले तंतू) अन् पॉलिस्टर रेझिन (आधी पातळ, मग कडक होणारं प्लास्टिक) घेतलंय आणि कास्टिक सोड्यात भिजवल्यावर पकड वाढली का ते मोजायचंय, बरोबर ना? आमच्या बीडकडं याला केकताड म्हणतात, त्याचे दोर वळताना मी लहानपणी बघितलंय, पुढं संभाजीनगरला शिकताना यासाठीची मायक्रोबाँड टेस्ट केली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, वाख आणि रेझिनची प्लेट ओढून तोडली, ताकद वाढलेली दिसली म्हणून पकड वाढली असं लिहू नका. सोड्याने वाख स्वतःच बदलतो, त्यातलं लिग्निन (तंतूंना एकत्र धरणारा घटक) निघतं, तंतू सुटे होतात, मग वाढ कशाची ते कळतच नाही.

मायक्रोबाँड करा. एका तंतूवर रेझिनचा बारका थेंब लावायचा, कडक झाला की दोन ब्लेडमधी अडकवून तंतू ओढायचा, थेंब सुटतानाचा जोर भागिले चिकटलेला पृष्ठभाग म्हणजे पकड. उदाहरणार्थ, काचेचा 17 मायक्रॉन जाडीचा तंतू 100 मायक्रॉन थेंबात असला आणि 0.2 न्यूटनला सुटला तर साधारण 37 मेगापास्कल येतं. थेंब मोठा झाला तर सुटायच्या आधी तंतूच तुटतो, असे किती तुटले तेबी वहीत लिहा, नाहीतर फक्त कमी पकडीचेच थेंब हिशोबात राहतात.

मला लई त्रास झाला तो स्टायरीनचा, म्हणजे पॉलिस्टर रेझिनमधी असलेल्या उडून जाणाऱ्या द्रवाचा. एवढ्याशा थेंबातून ते उडून जातं, त्यात मे महिना, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली सुई टेकवली की थेंबाला खड्डा पडायचा! आठ दिवसांचे रीडिंग फेकले. मग झाकणाच्या डबीत, बाजूला वाटीत थोडं स्टायरीन ठेवून थेंब जमवायला लागलो तेव्हा कुठं जमलं. दुसरं, केकताडाचा तंतू गोल नसतो, त्यामुळं जाडी धरून पृष्ठभाग काढला की आकडा चुकतो, काप घेऊन घेर मोजा.

फ्रॅगमेंटेशनच्या (तंतू रेझिनमधी गाडून ओढायचा आणि त्याचे किती तुकडे होतात ते बघायचं, त्या टेस्टच्या) नादी लागू नका, त्यात रेझिन तंतूच्या निदान तिप्पट ताणलं पाहिजे आणि केकताड तर पॉलिस्टरपेक्षाबी जास्त ताणतंय.

सोबत एकाच दिशेच्या तंतूंची प्लेट करून तंतूंना 90 अंशात, म्हणजे आडवी ओढा आणि तुटलेली कड एसईएममधी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघा, तंतू धुतल्यासारखा कोरा निघाला तर पकड नाही, अंगाला रेझिनचे टवके असले तर आहे. सोडा किती टक्के आणि किती तास ठेवलाय ते सांगा, पुढचं बघू.